आपले दप्तर, आपल्या दारी

वाचकहो, आपल्याकडे शाळाशाळांतून हस्तलिखित काढण्याची पद्धत जुनी आहे. मुलांनी लेख, कविता, कोडी लिहावीत, चांगल्या अक्षराच्या मुलीने ती सुबक नकलून काढावीत, चित्रकलेच्या मास्तरांनी मुखपृष्ठ रंगवावे आणि वार्षिक समारंभाला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन व्हावे. पुढे ते हस्तलिखित कपाटात जाते. कपाट शाळेचे, किल्ली हेडमास्तरांकडे. ते कुठे आहे असे कुणी विचारले, तर बोट दाखवून सांगता येते.

आज त्याच शाळांतली मुले मोबाइलवर लिहितात, फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात. हे लिखाण कुठे ठेवलेले असते, असे एखाद्या मुलाला विचारून बघा. तो हातातला फोन वर करून म्हणेल, "ह्यात आहे की, सर!" पुष्कळदा ते त्यात नसते. ते कुठल्या तरी कंपनीच्या, कुठल्या तरी दूरच्या गावातील यंत्रावर असते आणि फोन ते फक्त मागवून दाखवतो. हे वाईटच आहे असे नव्हे. धान्य आपण गोदामातही ठेवतोच. परंतु गोदामात धान्य ठेवणारा पावती घेतो, अटी विचारतो. येथे अटी सहसा कुणी वाचीत नाही.

अमेरिकेत १९९४ साली जिओसिटीज नावाची एक सेवा सुरू झाली होती. लक्षावधी सामान्य माणसांनी तेथे फुकट मिळालेल्या जागेत आपापली पाने लिहून ठेवली. १९९९ साली याहू कंपनीने ती सेवा विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात ती बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीच पाने उतरवून घेतली. पण ज्यांनी आपले लिखाण वेळेवर काढून घेतले नाही आणि जे त्या धावपळीतही हाती लागले नाही, ते गेले. ज्याचे घर, त्याने दार लावले. इतका साधा व्यवहार आहे.

म्हणून आज शिक्षकांपुढे एक काम ठेवावयाचे आहे. आपल्या हस्तलिखितासाठी मुलांनी एक छोटी यंत्रणा स्वतः बांधावी आणि ती शाळेतल्याच एका संगणकावर चालवावी. कुणी म्हणेल, "अहो, असल्या गोष्टी तयार मिळतात. वर्डप्रेस २००३ सालापासून फुकट मिळते. मग हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण घड्याळ बाजारात मिळते म्हणून मुलांना काठीच्या सावलीवरून वेळ काढायला शिकवणे आपण सोडत नाही. आपले शब्द कुठे राहतात, ते कोण आणून देतो आणि त्यांची राखण कोण करतो, हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने बांधले, त्याला पुढे कोणतीही तयार वस्तू वापरताना योग्य ते प्रश्न विचारता येतात. या कामाचे फळ ते.

भित्तिपत्रक आणि उतारा

आता ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. शाळेच्या व्हरांड्यात आपण भित्तिपत्रक लावतो. ते सर्वांना सारखेच दिसते आणि कुणी नवे लावीपर्यंत तसेच राहते. संगणकावरचे पानही असे असू शकते. एकदा लिहून ठेवले, जो येईल त्याला तेच दाखवले. याला स्थिर पान म्हणू.

दुसरा प्रकार सातबाऱ्याच्या उताऱ्याचा. उतारे हाताने लिहून मिळत असत ते दिवस आठवा. ज्यांना आपण अजूनही तलाठीच म्हणतो, त्या भाऊसाहेबांकडे आपण जात असू. त्यांच्या कपाटात प्रत्येकासाठी उतारा तयार ठेवलेला नसे. कपाटात असत त्या नोंदवह्या. आपण गट नंबर सांगायचा, भाऊसाहेबांनी वही उघडायची, त्या नंबराची नोंद शोधायची आणि छापील कोऱ्या नमुन्यात भरून द्यायची. फेरफार मंजूर झालेला असला, की पुढचा उतारा नव्या नोंदीप्रमाणे निघे. त्याच माहितीवरून एका खातेदाराच्या सगळ्या जमिनी हव्या असतील, तर आठ-अ चा उतारा मिळे. माहिती तीच, मांडणी निराळी.

आपली यंत्रणा या दुसऱ्या प्रकारची करावयाची आहे. हिच्यात तीन पात्रे असतात. मागणारा, म्हणजे वाचकाच्या फोनमधला किंवा संगणकातला ब्राउझर. भाऊसाहेब, म्हणजे मागणी ऐकून कागद तयार करणारा प्रोग्रॅम; ह्याला सर्व्हर म्हणतात. आणि नोंदवह्या, म्हणजे डेटाबेस. मुलांना ही तीन पात्रे नीट ओळखता आली, की निम्मे काम झाले.

साहित्य काय लागते?

मोठा खर्च नाही. शाळेतला जुना पण चालू संगणक पुरे. तो नसेल तर रास्पबेरी पाय नावाचा, पोस्टकार्डाहून लहान असा एका पट्टीवरचा संगणक मिळतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथील मंडळींनी तो मुलांना संगणकशास्त्र शिकता यावे म्हणूनच २०१२ साली बाजारात आणला. तो थोड्या वॅटांत चालतो.

या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली घालावी. लिनस टोरवाल्डस या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचे बीज १९९१ साली पेरले. त्याच वर्षी गिडो व्हान रॉसम यांनी पायथन ही भाषा लोकांपुढे ठेवली. शिकायला सोपी आहे, तीच घ्यावी. नोंदवह्यांसाठी एसक्यूलाइट घ्यावे. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली प्रसिद्ध केले आणि त्यावरचा हक्क सोडून ते सर्वांच्या मालकीचे करून टाकले. ते वापरण्याची सोय पायथनमध्ये आधीच असते. यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत. ह्या गोष्टी एकदा उतरवून घेण्यापुरते इंटरनेट लागते, पुढे नाही.

इंटरनेट नाही तर मुलांच्या फोनवर ते दिसणार कसे? त्यासाठी एक साधा राऊटर लावावा. तो शाळेपुरते वाय-फाय उभे करतो आणि प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. असे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. घरातले टोपणनाव जसे उंबऱ्याच्या आतच चालते, पोस्टमनला त्याचा उपयोग नाही, तसे हे पत्ते शाळेपुरतेच. सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की आपले पान उघडते. आपले काम शाळेच्या भिंतींआड राहते, आणि नवशिक्यांच्या कामाला ते बरेही आहे.

नोंदवह्या आखणे

संगणकाला हात लावण्याआधी एक आठवडा फळा आणि खडू यांवरच काढा. मुलांना विचारा, हस्तलिखितात आपण काय काय टिपून ठेवतो? ती सांगतील : लेखाचे नाव, मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, इयत्ता, तारीख, विषय. बहुतेक मुले हे सारे एकाच मोठ्या तक्त्यात आखतील. आखू द्या. मग विचारा, एका मुलीचे वर्षात बारा लेख आले, तर तिचे नाव किती वेळा लिहाल? बारा वेळा. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर? मग यंत्राच्या दृष्टीने त्या दोन मुली झाल्या, आणि तिचे सगळे लेख मागितले तर अकराच हाती येतील.

यावर उपाय असा की, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. विद्यार्थ्यांची वही वेगळी, तिच्यात प्रत्येकाला एक क्रमांक. लेखांची वही वेगळी, तिच्यात नावाऐवजी फक्त तो क्रमांक. नाव दुरुस्त करायचे झाले तर एकाच जागी करायचे. बाराही लेखांवर ते आपोआप सुधारते. हा विचार इंग्रज गणितज्ञ एडगर कॉड यांनी आयबीएम या कंपनीत असताना १९७० साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आणि आजच्या असंख्य कचेऱ्यांची दप्तरे त्याच पायावर उभी आहेत.

विषयाचे कोडे थोडे निराळे आहे. एक लेख 'शेती' ह्या विषयातही बसतो आणि 'विज्ञान' ह्या विषयातही. येथे तिसरी वही विषयांची, आणि चौथी फक्त जोड्यांची : लेख क्रमांक १७, विषय क्रमांक ३, लेख क्रमांक १७, विषय क्रमांक ५. ही चौथी वही मुलांना स्वतः सुचली, तर त्या वर्गाची पाठ थोपटा. गणितातला संबंध म्हणजे काय, हे त्यांना कळले आहे.

एका मागणीचा प्रवास

आता वाचकाने लेख क्रमांक १७ मागितला. ब्राउझर मागणी पाठवतो. सर्व्हर ती वाचतो आणि त्यातून '१७' हा आकडा वेगळा काढतो. मग डेटाबेसला विचारतो : ज्याचा क्रमांक १७ आहे तो लेख दे, आणि त्याच्या लेखकाच्या क्रमांकावरून नाव व इयत्ताही दे. मिळालेली माहिती तो एका साच्यात भरतो. साचा म्हणजे तो छापील कोरा नमुना. वर शाळेचे नाव, मध्ये मजकुराची जागा, खाली लेखकाची. भरलेले पान 'सर्व ठीक' अशा अर्थाच्या २०० ह्या आकड्यासह परत जाते. तसा लेखच नसेल तर ४०४ हा आकडा जातो. तो आकडा मुलांनी फोनवर पुष्कळदा पाहिलेला असतो; आता त्या स्वतः तो पाठवतील.

हे सगळे एका क्षणात होते. म्हणूनच वर्गात ते सावकाश करून दाखवावे. एका मुलाला ब्राउझर करा, एकीला सर्व्हर, एकाला डेटाबेस. चिठ्ठ्या द्या आणि मागणी हातोहात फिरू द्या. पाचव्या चिठ्ठीपर्यंत मुलांना चूक कुठे होते ते दिसू लागते.

वाचणे झाले, की उरलेली तीन कामे : नवा लेख घालणे, असलेला सुधारणे आणि काढून टाकणे. या चार क्रियांतच बहुतेक कचेऱ्यांचे कामकाज सामावते.

मराठीचे स्वतःचे प्रश्न

येथपर्यंतचे इंग्रजी पुस्तकांतही सापडेल. पुढचे मात्र आपले आपणच पाहायला हवे. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडे ओळखतो. जगातील लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक आकडा देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ पासून आहे आणि तिच्यात देवनागरीचे स्वतंत्र घर आहे. 'क्षमा' हा आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द. संगणकाला तो पाच चिन्हांचा दिसतो : क, हलन्त, ष, म आणि काना. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणजे 'क्षमा'ला पंधरा बाइट लागतात. मुलांना हे मोजून पाहायला सांगा. व्याकरणातील जोडाक्षराची फोड त्यांना नव्याने पटेल.

दुसरा प्रश्न अनुक्रमाचा. कमळ, कलम, कवच, कळप हे शब्द क्रमाने लावा असे मुलांना सांगितले, तर वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो म्हणून ती कळप शेवटी ठेवतील. संगणक केवळ आकड्यांवर चालला, तर ळ चा आकडा ल च्या लगेच पुढे असल्यामुळे तो कळप कवचाच्या आधी लावील. 'क्षमा'ही तो शेवटी न ठेवता क च्याच घरात ठेवील. यंत्र चुकले असे नव्हे. आपला क्रम त्याला कुणी सांगितलेला नाही, इतकेच.

तिसरा प्रश्न अधिक छुपा आहे. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला अर्धा र पाहा. तो दोन रीतींनी उतरवता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह असते, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका मुलाने एका रीतीने लिहिले आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर लेख असूनही 'सापडला नाही' असे उत्तर येईल. म्हणून मजकूर वहीत जाण्यापूर्वी, आणि शोधाचा शब्दही, एकाच रीतीत बदलून घ्यावा. चार ओळींचा प्रोग्रॅम आहे. परंतु तो लिहिण्यासाठी मराठी येणारे माणूस लागते. दूरदेशी बसलेल्या कारागिराला ही अडचण दिसेलच असे नाही.

राखण

दुसऱ्याचे लिखाण आपल्या दारी ठेवायचे, म्हणजे जबाबदारी आली. तीन गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवा.

पहिली, बाहेरून आलेल्या मजकुराला हुकूम समजू नये. समजा, अर्जात 'नाव' या रकान्यात कुणी लिहिले, "रामू, आणि सगळ्या वह्या जाळून टाका." शहाणा कारकून म्हणेल, ह्या माणसाचे नाव विचित्र आहे, आणि तेवढेच नोंदवील. पण नाव व हुकूम एकाच वाक्यात चिकटवणारा प्रोग्रॅम खरोखर वह्या जाळतो. म्हणून डेटाबेसला प्रश्न विचारताना माहितीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे आणि माहिती वेगळी द्यावी. एसक्यूलाइटमध्ये ही सोय आहे. तसेच आलेला मजकूर पानावर दाखवतानाही तो मजकूर म्हणूनच दाखवावा. त्यात दडवलेल्या सूचना ब्राउझरने पाळू नयेत अशी व्यवस्था करावी.

दुसरी, परवलीचा शब्द आहे तसा कधीही साठवू नये. गव्हाचे पीठ करता येते, पिठाचा गहू करता येत नाही. परवलीच्या शब्दाचेही असे पीठ करतात आणि तेच साठवतात. त्याला हॅश म्हणतात. मुलगा पुन्हा आला, की त्याच्या शब्दाचे पुन्हा पीठ करायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. दळताना प्रत्येकासाठी वेगळी चिमूटभर भेसळ घालतात, म्हणजे दोघांचा शब्द एक असला तरी पीठ वेगळे निघते. मग वही चोराच्या हाती लागली तरी शब्द सहजासहजी उलगडत नाहीत. आणि शिक्षकालाही ते वाचता येत नाहीत. हे मुलांना मुद्दाम सांगावे.

तिसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. लेख लिहिला जात असतानाच ती गेली तर? चांगला डेटाबेस अशा वेळी अर्धवट काम ठेवीत नाही. एक तर नोंद पुरी होते, नाही तर मुळीच होत नाही. एसक्यूलाइट आधी एका वेगळ्या फायलीत टिपण ठेवून हे साधते. तथापि डिस्कच बिघडली तर कोणतेही टिपण कामाचे नाही. म्हणून दर शनिवारी वहीची नक्कल दोन पेनड्राइव्हवर घ्यावी. एक शाळेत, एक शाळेबाहेर. आणि दर महिन्याला एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली थैली.

जगातील पहिला असा सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत चालवला. त्या यंत्रावर त्यांनी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. जगाच्या सेवेतला पहिला पहारेकरी म्हणजे ती चिठ्ठी. आपल्या शाळेतही ती लावा, मुलांच्या अक्षरात.

मर्यादा आणि आरंभ

एक इशारा दिला पाहिजे. ही यंत्रणा शिकण्यासाठी आहे. पायथनबरोबर येणारा छोटा सर्व्हर खुल्या इंटरनेटवर ठेवण्याजोगा नाही, असे तो करणारेच सांगतात. मुलांची नावे, इयत्ता, गाव जगापुढे उघडी टाकण्याचे तर कारणच नाही. शाळेला पुढे गावाबाहेर काही प्रसिद्ध करावयाचे असेल, तर जाणत्यांनी पारखलेली तयार वस्तू घ्यावी, पालकांची संमती घ्यावी, आणि करार करण्यापूर्वी विचारावे : आमचे लिखाण आम्हाला हवे तेव्हा पुरते काढून घेता येईल का? ज्यांनी स्वतः नक्कल घेतलेली आहे, त्यांना हा प्रश्न सुचतो. इतरांना तो बहुधा दार लागल्यावर सुचतो.

दहा आठवडे धरा. दोन वह्या आखण्याला, दोन पायथनच्या ओळखीला, दोन लेख वाचून दाखवण्याला, दोन लिहिण्या-सुधारण्याला, एक राखणीला आणि शेवटचा मोडून पुन्हा उभारण्याला. हा शेवटचा आठवडा गाळू नका. यंत्र पुसून टाकावे आणि पेनड्राइव्हवरच्या नकलेवरून मुलांनी ते एका तासात परत उभे करावे. तेवढे जमले, की ते दप्तर त्यांचे झाले.

आरंभाला संगणकही लागत नाही. उद्याच्या तासाला फळ्यावर दोन तक्ते आखा, एक विद्यार्थ्यांचा, एक लेखांचा, आणि मुलांना विचारा : ह्या दोघांना जोडणारा आकडा कुठे लिहायचा? पुढचे काम तीच करतील. इतके सांगून थांबतो.